टोपलीखालची चूल

"काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तुम्ही काय काय खाल्लं?"

हा प्रश्न मी आजवर किती घरांत विचारला असेल, मला सांगता यायचं नाही. इथे हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरात विचारलाय, रामपायलीकडच्या धानाच्या गावांत विचारलाय, भरवेलीच्या खाण कॉलनीत तर गल्लीगल्लीत. फॉर्म हिंदीत असतो. समोरचं माणूस बघून मी हिंदीत नाहीतर मराठीत विचारते आणि सांगतील ते लिहून घेते. एकाच घरात असं झालं की उत्तर मला आधीपासून माहीत होतं, आणि मी ते लिहिलं नाही. त्याबद्दल लिहायला बसलेय. माझं शिक्षण आठवीपर्यंत. चार ओळी झाल्या की मागे जाऊन वाचते, कुठे चुकलंय का म्हणून. ही सवय जायची नाही आता.

मी मंगळवेढ्याकडची. आमच्या काळ्या रानात ज्वारीशिवाय दुसरं काही फारसं बघितलेलं नाही. आठवीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात आईनं अंथरूण धरलं, घरचा स्वयंपाक माझ्याकडे आला आणि नववीचं दप्तर काही भरलं गेलं नाही. पुढे लग्न झालं. नवरा टिपर चालवायचा. त्याचा ठेकेदार भरवेलीला मँगनीजच्या खाणीवर आला, त्याच्यामागे नवरा आला, नवऱ्यामागे मी. गाड्या बदलत बदलत पोचायला दोन दिवस लागले. एका खोलीत संसार मांडला. दोरीवर कपडे वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांवर काळी भुकटी बसायची.

आले तेव्हा मला तिसरा महिना होता. इथे दोन्ही वेळा भात. गल्लीत एकदम सगळ्या घरांत भाताला उकळी यायची आणि त्या वासानं मी न्हाणीकडे पळायची. हिंदी समजायची, बोलता यायची नाही. कोणाशी बोलणार? एके दिवशी न्हाणीत ओकत बसले होते, तर पलीकडच्या अर्ध्या भिंतीवर एक डोकं दिसलं. डोक्यावरून पदर, कानात तांब्याच्या रंगाची झिजलेली फुलं.

"काय वो पोरी, तीन दिवस झाले, ऐकून राह्यली मी. पोटात काहीच ठरत नाई का?"

मराठी ऐकून मला रडूच आलं. ती म्हणाली, "रडू नको. काय खावंसं वाटते ते सांग."

मी म्हटलं, "ज्वारीची भाकरी."

"घ्या! तांदळाच्या मुलखात आली न भाकर मागते!" असं म्हणून ती हसली आणि डोकं खाली गेलं. तासाभरानं त्याच भिंतीवरून ताटली आली. वर गरम भाकरी, तिच्यावर जवसाची चटणी. मी उभ्या उभ्याच खाल्ली. पोटात राहिली.

ती मूळची वर्धेकडची. लग्न होऊन इथे आली, नवरा खाणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. दारावर पंचशील झेंडा, घरात मुलगा, सून, दोन नातवंडं. मी तिला मावशी म्हणू लागले. तिचा भाऊ वर्षातून एकदा ज्वारीची गोणी आणून टाकायचा. ती ज्वारी तिच्या माहेरची, आणि ती त्या वर्षी माझ्या पोटात गेली. एक दिवसाआड भाकरी यायची. "तू जेवलीस का मावशी?" मी विचारायची. "हौ, मी जेवली. तू खाय," असं ती म्हणायची. मला ते खरं वाटायचं. माझी मुलगी झाली ती चांगली गुटगुटीत झाली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "क्या खिलाया इसको?" मी मावशीकडे बोट दाखवलं.

मुलगी सहा महिन्यांची असेल, तेव्हा मी ताटली परत द्यायला म्हणून मागच्या दारानं गेले. नेहमी पुढून जायची, त्या दिवशी मागून गेले. आणि बघितलं तर भिंतीच्या आडोशाला पत्र्याचा तुकडा टाकून खाली एक छोटी मातीची चूल. मावशी तिच्यापुढे बसलेली. जर्मनच्या भांड्यात पेज, म्हणजे भाताची पातळ कांजी. बाजूला मीठ आणि एक हिरवी मिरची. आतल्या घरातून फोडणीचा वास येत होता.

मला बघून ती म्हणाली, "तोंडाले चवच नाई आजकाल. म्हणून पेज."

मी ताटली खाली ठेवली. तिनंच मग सांगितलं. "वरणावरून झालं एक दिवस काहीतरी. पोराचं काम महिन्यातले पंधरा दिवस राह्यते, पंधरा दिवस नाई. सून तरी काय करन? मीच म्हटलं, तुमचं तुम्ही पाहा, माहं मी पाहीन." रेशनकार्ड एकच होतं, मुलाच्या नावावर. कंट्रोलचा तांदूळ त्याच घरात यायचा आणि तिच्या वाट्याचा सून डब्यानं मोजून द्यायची. डाळ, तेल, भाजी काही नाही.

"कोणाले सांगू नको वो," ती म्हणाली. "लोक म्हणतीन, मायले वेगळी टाकली. माह्या लेकाची मान खाली जाईन."

गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलत कोणी नव्हतं. कोणी परका माणूस गल्लीत शिरला की मावशी चुलीवर बांबूची टोपली पालथी घालायची, कोंबडीची पिल्लं झाकतात तशी. गल्लीतल्या बायका यावरून चेष्टा करायच्या. "काय मावशी, पिल्लं निंघाली का?" मावशी म्हणायची, "कोंबडी अजून बसूनच आहे, तुह्यासारखी." आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायची.

मुलगी अंगणवाडीत जायला लागली, तेव्हा एका संस्थेच्या मॅडम कॉलनीत आल्या. शिकलेल्या होत्या, मोठ्या शहरातून आलेल्या. ज्या म्हाताऱ्या माणसांची आणि बायकांची चूल वेगळी आहे पण कार्डावर नाव दुसऱ्याच्या घरात आहे, अशांना शोधून दर महिन्याला धान्य, डाळ, तेल द्यायचं त्यांचं काम होतं. त्याआधी घरोघरी पाहणी करायची होती. मराठी बोलणारे म्हातारे त्यांच्या हिंदी प्रश्नांना नुसती मान हलवायचे, म्हणून त्यांना मराठीवाली बाई हवी होती. मी भीत भीत गेले. दाखला कोणी मागितला नाही. मॅडमनी एक पान लिहायला लावलं आणि म्हणाल्या, "अरे, लिखावट तो मोती जैसी है." त्या दिवशी घरी येऊन मी दार लावून रडले. शाळा सुटल्यापासून माझ्या अक्षराकडे कोणी बघितलंच नव्हतं. त्या बाईंचे उपकार मी आजही मानते. पुढचं वाचून त्यांना कोणी वाईट म्हणू नये.

तीन दिवस शिकवणी झाली. दोन गोष्टी मी पाठ केल्या. एक, "चूल्हा अलग तो परिवार अलग." दुसरी, "जो बोला, वही लिखना है. अपने मन से एक अक्षर नहीं." दुसरी गोष्ट मी घट्ट धरली. मनानं लिहायचंच नाही म्हटल्यावर चुकायची भीती नव्हती. आठवी पास बाईला आणखी काय हवं? गल्ल्या वाटल्या, तेव्हा मॅडमनी मला माझीच गल्ली दिली. मराठी घरं जास्त होती म्हणून. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की मॅडम, ही दुसऱ्या कोणाला द्या. नाही म्हणाले. दिलेलं काम परत केलं तर काम जाईल, असं वाटलं.

मावशीच्या घरी गेले तो सुटीचा दिवस होता. मुलगा अंगणात खाटेवर बसलेला, सून दारात तांदूळ निवडत होती. माझ्या गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मची पाटी. मावशी हसत बाहेर आली.

"आली वो सरकार आमच्या घरी! खुर्ची आण रे तिले, आज ती बोऱ्यावर नाई बसत."

मी खुर्चीवर बसले. खुर्चीवर बसल्याची मला लाज वाटत होती, आणि थोडं बरंही वाटत होतं. खोटं कशाला बोलू? मागच्या बाजूला मान वळवली तर पत्र्याखाली टोपली पालथी घातलेली दिसली.

मी वाचलं, "एका चुलीवर किती जण जेवतात?"

मुलगा म्हणाला, "पाच."

मी मावशीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आमची नजर चांगली भेटली, मला आजही ती दिसते. मग ती म्हणाली, "हौ, पाच. तो म्हणते तसं."

मी पाच लिहिले.

"काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तुम्ही काय काय खाल्लं, मावशी?"

"मले विचारते! माह्या हातचं खाऊन तुही पोट्टी मोठी झाली, न मलेच विचारते काय खाल्लं!" मुलगा हसला. सूनही हसली, पण मान खाली घालूनच. मावशीनं मग एखादी यादी वाचावी तसं सांगितलं. "सकाळी भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. सांजीले पोळ्या. लिही."

आदल्या दिवशी दुपारी मी तिला भिंतीवरून पाहिलं होतं. पेज, मीठ. मिरचीसुद्धा नव्हती. मी लिहिलं, भात, वरण, वांग्याची भाजी, पोळ्या. अक्षर चांगलं आलं. निघताना तिनं पदराखालून एक भाकरी काढून माझ्या हातात दिली. "पोट्टीले दे."

यादी लागली बुद्धविहाराच्या ओट्यावर. धान्याच्या पिशव्या तिथेच वाटल्या जाणार होत्या. मी नावं वाचून दाखवत होते आणि एकेक जण पुढे येत होता. मागच्या गल्लीतली लंगडत चालणारी आजी आली, सासरहून परत आलेली एक बाई आली. मावशी खांबाला टेकून उभी होती. तिच्या हातात घडी केलेली पिशवी होती. मी ती पिशवी बघितली आणि पुढचं नाव वाचलं. यादी संपली. लोक पांगले. ती तिथेच.

"माहं नाव खाली आहे का?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. तू पाच म्हणालीस ना. एकच चूल."

"मी तं म्हणीनच," ती म्हणाली. रागावली नव्हती, तिला नवलच वाटत होतं. "लेकासमोर मी दुसरं काय म्हणीन? पण तुले तं दिसते ना. मले वाटलं, मी म्हणीन ते तोंडानं, न तू लिहिशीन डोळ्यानं."

पिशवीची घडी तशीच राहू देऊन ती घरी गेली.

ती नजर म्हणजे काय होती, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या दोघींत पहिल्यापासून असंच चालत आलं होतं. ती "मी जेवली" म्हणायची आणि मी ते ऐकून घ्यायची, कारण खरं काय ते बोलायचं नसतं. तिनं धरलं की कागदावर तरी मी खरं लिहीन. आणि मी, जिला तिनं भाकरी घालून उभं केलं, मी कागदावर फक्त तिचं तोंड लिहून आले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, आता काम जाणार. मॅडम उलट म्हणाल्या, "अच्छा किया बताया. ठीक कर देंगे." पण नियम होता. एकदा भरलेला फॉर्म बदलायचा तर दोन माणसांनी घरी जाऊन पुन्हा तपासायचं आणि चूल डोळ्यांनी बघायची. मला ते ऐकून बरं वाटलं. डोळ्यांनी बघायची म्हणजे झालंच काम, चूल तर तिथेच आहे. माझ्या हे लक्षातच आलं नाही की फॉर्मवर फोन नंबर मुलाचा आहे.

ऑफिसनं रीतीप्रमाणे त्याला फोन केला. तुमच्या आईची चूल वेगळी आहे का, ते बघायला उद्या येतोय.

आम्ही पोचलो, तेव्हा मुलगा कामावर गेला नव्हता. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी. मॅडमनी नम्रपणे, अगदी हात जोडून विचारलं, "अम्मा, आप अपना खाना अलग पकाती हैं?"

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "कोणं सांगितलं?"

मी हातातली फॉर्मची पाटी छातीशी धरली.

"नाई बाई," ती मॅडमना म्हणाली. "माहा लेक खाऊ घालते मले. या, पाहा."

ती स्वतः आम्हाला मागे घेऊन गेली. पत्रा काढून टाकलेला होता. चूल नव्हती. जिथे होती तिथे शेणानं ताजं सारवलेलं होतं, अजून ओलं. एका कोपऱ्यात फुटक्या मातीची ढेकळं आणि त्यांवर ती टोपली, या वेळी उताणी. फोडली कोणी, मुलानं की तिनं, हे मी कधी विचारलं नाही. तिच्या हाताला शेणाचा वास येत होता, एवढं मला कळलं.

मॅडमनी कागदावर लिहिलं, चूल एकच. दुसरं काय लिहिणार होत्या?

निघताना मुलगा माझ्याजवळ आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "भाभी," तो म्हणाला, "तुमी तं घरच्याच होत्या." आणि कामाचा डबा उचलून सायकलवर गेला. महिन्यातल्या पंधरा दिवसांतला एक दिवस त्याचा आमच्यामुळे बुडता बुडता राहिला.

त्यानंतर मावशी सुनेच्या चुलीवर जेवू लागली. उपाशी ठेवलं असं मी म्हणणार नाही, मी ते बघितलेलं नाही. पण ती सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि "भूक नाई" म्हणायची, ते भिंतीवरून ऐकू यायचं. तिची स्वतःची पेज तरी तिच्या हातात होती, कधी शिजवायची, किती शिजवायची. तेही गेलं. भाकरी थापायला चूलच नव्हती. माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून "आजी, भाकर" म्हणायची, तर पलीकडून आवाज यायचा, "पीठ सरलं वो माय." गोणी तिच्या खाटेखालीच होती. मी डबा भरून नेला दोन-तीनदा, वरण, भाजी. सुनेनं घेतला, धुऊन परत दिला, आणि चौथ्यांदा म्हणाली, "राहू द्या ताई. लोक पाह्यते."

उन्हाळ्यात तिचा भाऊ येऊन तिला वर्धेकडे घेऊन गेला. थोडे दिवस, असं सगळे म्हणत होते. मी मुलीला घेऊन बस स्टँडवर गेले. तिचा मुलगा आणि भाऊ तिकीट काढायला गेले तेवढ्यात ती माझ्याकडे सरकली. पिशवीतून तिनं तिचा लोखंडी तवा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"घे. तिथी आहेत तवे."

"मावशी, माझं चुकलं गं."

"तुह्यावर राग नाई पोरी," ती म्हणाली. "तुह्या मनात पाप नव्हतं. पण तू विचारलं बी चारचौघात, न सांगितलं बी चारचौघात. मागच्या दारानं आली असती, तं मी सांगितलं असतं."

मुलगा आला, तिनं पदर सारखा केला. बस सुटली.

पुढे मॅडमनी फॉर्म बदलला. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. आता घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं बसवून विचारायचं, लोक असतील तर त्या दिवशी विचारायचंच नाही, आणि फोन नंबर विचारायचा तो त्या माणसाचा स्वतःचा, नाहीतर जागा कोरी सोडायची. नवीन बायका कामाला लागल्या की मी त्यांना घेऊन फिरते आणि सांगते, पुढच्या दारात खुर्ची दिली तर बसू नका, आधी पाणी मागायच्या निमित्तानं मागे जा. त्या माझ्याकडे बघतात, ही आठवी शिकलेली आपल्याला काय शिकवते म्हणून. पण ऐकतात. या नव्या फॉर्ममुळे कितीतरी चुली सापडल्या. मावशीची आता सापडायची नाही. तिच्या जागेवर सुनेनं भांडी घासायचा दगड टाकलाय.

त्या तव्यावर मी भाकरी करते. मुलगी खाते आणि म्हणते, "आजीसारखी नाई झाली." तिचं बोलणं आता इथलंच आहे.

परवा भावाच्या नंबरावर फोन लावला. त्यानं मावशीला दिला. आवाज बारीक झालाय तिचा.

"काय करून राह्यली वो? पोट्टी शाळेत जाते का?"

"जाते मावशी. हुशार आहे."

"हौ, राहीनच. माही भाकर आहे तिच्या पोटात." ती हसली, खोकली. तिला माहीत होतं मी काय विचारणार. मलाही माहीत होतं ती काय सांगणार.

मी विचारलं, "मावशी, जवळ कोणी आहे का गं?"

फोनमधून पंख्याचा आवाज आला, आणि कोणाचं तरी ताट सरकवल्याचा.

"हौ," ती म्हणाली. "आहेत सगळे."

मग मी तिला तिनं काय खाल्लं ते विचारलं नाही. पावसाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, आणि फोन ठेवला.